पुठ्ठ्याचा केक

मी लिहावं की नाही, कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ताईला सकाळी बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं. आई सोबत गेली. मी घरी बुटांच्या खोक्यांचा तीन मजली केक करायला बसलो, बाळाच्या स्वागताला. आत्या चिडली.

"अरे, बाळ यायच्या आधी काही करून ठेवू नये. आम्ही साधं झबलंसुद्धा शिवलं नाही!"

"आत्या, हा नुसता पुठ्ठा आहे. केक झालाय कुठे अजून?"

"मग होऊच देऊ नकोस."

तरी हात थांबेनात. दोन मजल्यांवर कापसाची साय चिकटवली. दुपारी आईचा फोन आला. बाळाचे ठोके मंदावले होते, ऑपरेशन करणार होते. त्यानंतर तिचा फोन लागेना.

वरचं खोकं उघडंच होतं. मी त्यातल्या पोकळीकडे बघत राहिलो. आधीच सजवायला घेतलेला आनंद असा आतून रिकामा असतो का? की येणाऱ्यासाठी जागा अशीच धरून ठेवायची असते?

आत्या शेजारी येऊन टेकली. "कर तुझं काम," ती हळूच म्हणाली, "फक्त वरचं झाकण लावू नकोस."

मी कापूस पिंजत बसलो. तेवढ्यात फोन वाजला. आई रडत होती.

"मुलगी झाली रे. उशिरा रडली, पण रडली. ताईपण बरी आहे."