चिखलदऱ्याला आलेले घर

वऱ्हाड मध्यप्रांतात होते तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या त्या कापसाच्या अडत्याचे नाव विचारायचे राहून गेले. चिखलदऱ्याला दरीपासून हाकेच्या अंतरावर त्याची जुनी लॉरी उभी होती. आत त्याने खाट, चूल, माठ आणि देव्हारा बसवला होता. मागच्या दाराला कुलूप, किल्ली करदोट्याला. बोलता बोलता तो कुलूप ओढून पाही.

"परतवाड्यापासून यायनं काहीच पायलं नाही," त्याची बायको मला म्हणाली. "उद्या वापस जाणं हाये. एवढी दरी तरी संगं पाहावं म्हणते."

"घर टाकून कसा येऊ?" तो म्हणाला. "इथं शेजारी हायेत काय?"

मी राखणीला बसतो म्हणालो. तो कड्यावर गेला आणि दरीकडे पाठ करून माझ्यावर नजर ठेवून उभा राहिला.

"लय खोल हाये," परत येऊन तो म्हणाला.

"या भाऊच्या तोंडावर दिसलं काय तुमाले?" बायको म्हणाली.

त्याने पुन्हा कुलूप ओढून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी वळवून लावलेली दिसली, मागचे दार दरीकडे. दोघे पायरीवर चहा पीत दरी पाहत होते. कुलूप त्याच्या पाठीला टेकले होते.