पडद्यावरच्या फोल्डरची चतुःसीमा

नोकरीतून मोकळा होऊन आता बरीच वर्षं झाली. कितीतरी दरोडे आणि मारामाऱ्या मी विसरून गेलो; पण पाथर्डीतल्या एका डीटीपीच्या दुकानात, संगणकापुढे उभं राहून केलेला एक पंचनामा मात्र अजून ओळ न् ओळ आठवतो. त्या प्रकरणात कुणाचं रक्त सांडलं नाही, पाठलागही झाला नाही. तरी एका मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या दुपारी माझ्या शब्दावर अडून होतं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी त्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एके दिवशी बाजारपेठेतले एक औषध दुकानदार खोकल्याच्या औषधाची बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आले. लहान मुलांचं नावाजलेलं औषध. एका बाईने ती बाटली परत आणून दिली होती. पोराचा खोकला हटेना, आणि बाटलीला ओला हात लागला की लेबलाचा लाल रंग बोटांना लागायचा.

“साहेब, कंपनीच्या लेबलाचा रंग असा कधी सुटत नाही,” दुकानदार म्हणाले.

मोटारसायकलवर माल घेऊन येणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून त्यांनी तो स्वस्तात घेतला होता. आता आपल्यावर शेकेल म्हणून आधीच येऊन सांगत होते. माझा अनुभव असा, की खबर देणारा बहुतेक वेळा स्वतःला वाचवायलाच आलेला असतो. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पोर सुखरूप आहे याची खात्री करून मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि नगरहून औषध निरीक्षकांना बोलावून घेतलं. बाटलीत नुसतं साखरेचं रंगीत पाणी निघालं.

पाण्याने रंग सुटतो म्हणजे लेबल छापखान्यातलं नाही, संगणकाच्या प्रिंटरवरचं, असं निरीक्षकांनी लगेच सांगितलं. गावात रंगीत प्रिंटर एकाच दुकानात होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा अशी कामं तिथे व्हायची. दोन पंच, औषध निरीक्षक, एक महिला शिपाई आणि लेखी काम बघणारे माझे रायटर हवालदार यांना घेऊन मी तिथे गेलो.

मालकाने आमचं स्वागत असं केलं, की आम्ही जणू त्याच्या घरच्या बारशाला आलो होतो. थंड मागवलं, पंखा आमच्याकडे वळवला. बाहेरच्या खोलीत एक संगणक होता आणि त्यावर एक मुलगी काम करत होती. आत काचेची केबिन, तिला कुलूप. लेबलाचं नाव काढताच मालकाने तोंड एवढंसं केलं.

“साहेब, मी काय प्रत्येकाच्या मागे उभा राहतो का? मशीन तिच्या ताब्यात असतं. तुम्हीच बघा.”

त्याने पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवलं. पिवळ्या फोल्डरचं चित्र आणि खाली इंग्रजीत त्या मुलीचं नाव. त्याने ते उघडलं. आत त्याच औषधाची लेबलं, ओळीने मांडलेली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. झडतीत एवढ्या लवकर काही सापडलं की मला जरा अपचनच होतं, पण समोर जे होतं ते होतं.

मुलगी पाथर्डीजवळच्या एका गावच्या बौद्ध वस्तीतली. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, त्या वेळीही पुणतांब्याकडे फडात होते. ही मामाकडे राहून बारावी झालेली, टायपिंग केलेली. मी तिला ओळखत नव्हतो, पण तिचं नाव ओळखीचं होतं. तिची सरकारी कचेरीत लिपिक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्ह्यात आरोपी म्हणून तिचं नाव आलं असतं, तर त्या कागदावर मला ‘गुन्हा दाखल’ असा शेरा मारावा लागला असता. मग नोकरी गेलीच. पुढे कोर्टातून सुटली असती तरी ती जागा तोवर दुसऱ्याची झाली असती.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिला विचारायला लागलो.

“हे फोल्डर तुझं?”

“नाव माझं हाय साहेब. पण मी केलेलं न्हाई. आज सकाळीच दिसलं. मला वाटलं, मालकांनी करून दिलं आसंल.”

“तुझं काम कुठे असतं मग?”

तिने दुसरं एक फोल्डर उघडून दाखवलं. पत्रिका, पावती पुस्तकं, एका दूध डेअरीची पाटी. लेबल एकही नाही.

मालक हसला. “चांगलं वर ठेवलंय आणि वाईट बाजूला. हुशार आहे पोरगी.”

एक पंच म्हणाले, “साहेब, नावच लिहिलेलं आहे की. अजून काय पाहिजे?” त्यांना ते पटलं होतं, आणि फडावर जाणाऱ्याच्या पोरीबद्दल असलं काही पटायला आपल्याकडे फारसा पुरावा लागत नाही, हेही खरं. मला त्या बोलण्याचा राग आला. पण रागाने पंचनामा होत नाही.

माझे हवालदार जुन्या वळणाचे. कुठल्याही जागेचा पंचनामा चतुःसीमा घातल्याशिवाय पुरा होत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याचं घर, दक्षिणेला गटार, उत्तरेला मोकळी जागा. दुकानाच्या चतुःसीमा लिहून झाल्या आणि फोल्डरपाशी येऊन त्यांचं पेन थांबलं.

“साहेब, मुद्देमाल मिळाल्याची जागा म्हणून काय लिहू? दुकानात मिळाला म्हणू, का ह्या डब्यात?”

“ह्या फोल्डरमध्ये मिळाला असं लिहा,” मालकच मध्ये बोलला.

“मग त्याच्या चतुःसीमा?”

मालकाला हसू आवरेना. “हवालदारसाहेब, संगणकात कसली आलीये पूर्व-पश्चिम!”

पंचही हसले. मला मात्र हसू आलं नाही. मालकाला हा पंचनामा उरकायची फारच घाई दिसत होती, आणि ज्याला घाई असते त्याच्याबरोबर आपण कधी घाई करू नये. मी म्हणालो, “पूर्व-पश्चिम नसेल. पण प्रत्येक वस्तू कशात तरी ठेवलेली असते. हे कशात ठेवलंय ते दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही.”

मालक काही हलला नाही. मग मी त्या मुलीला सांगितलं, “तू दाखव. ह्याच्या बाहेर काय आहे?”

तिने पुढे होऊन एक बटण दाबलं. लेबलं गेली आणि त्यांच्या जागी दुसरीच यादी आली. मालकाच्या घराचा नकाशा, त्याच्या मुलाच्या वाढदिवसाचे फोटो, भावाच्या प्रचाराची पत्रकं. मुलगी पडद्याकडे बघतच राहिली.

“साहेब, हे ह्या मशीनवरचं न्हाईच. हे आतल्या मशीनवरचं हाय. प्रिंटरसाठी दोन्ही मशीन वायरीनं जोडल्यात.”

“काहीतरी बोलते,” मालक म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

संगणकातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वायरीतलं मात्र कळत होतं. मी पंचांना जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमक्ष तिला मागची काळी वायर काढायला लावली. मग म्हणालो, “आता उघड ते तुझ्या नावाचं.”

तिने उघडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पडद्यावर एक इंग्रजी चौकट आली. औषध निरीक्षकांनी वाचून सांगितलं, “सापडत नाही म्हणतोय.” तिच्या पत्रिका, पावत्या मात्र जशाच्या तशा उघडत होत्या. वायर पुन्हा जोडली, लेबलं परत आली. तिचं नाव होतं बाहेरच्या खोलीत आणि माल होता आत.

केबिनची किल्ली मालकाच्या खिशातून निघाली. आत दुसरा संगणक, रंगीत प्रिंटर आणि कपाटाच्या तळाशी छापून कापलेल्या लेबलांचे गठ्ठे. हवालदारांनी दोन्ही मशीन चादरीत बांधून लाखेचं सील मारलं आणि केबिनच्या चतुःसीमा चवीने लिहून काढल्या.

ठाण्यात मालक फार टिकला नाही. औषधवाले बाटल्यांबद्दल कुजबुजायला लागल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. आदल्या संध्याकाळी मुलगी घरी गेल्यावर त्याने तिच्या मशीनवर ते चित्र ठेवून दिलं. “नाव बघितलं की पोलीस पुढचं बघणार नाहीत, असं वाटलं,” तो म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून गावाबाहेरच्या शेडमध्ये बाटल्या भरणारे दोघे सापडले आणि तो मोटारसायकलवालाही.

पुढे नगरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून मिळाले. त्यांनी समजावलं, की ते फोल्डर नव्हतंच, नुसता रस्ता दाखवणारी खूण होती. तिच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो. तिला नाव काहीही द्या, चित्र कुठलंही लावा, संगणक मुकाट्याने तेच दाखवतो. फाइल कसली आहे हे सांगणारं नावामागचं शेपूटही तो झाकून ठेवतो, म्हणजे वरून पत्र दिसणारी वस्तू उघडल्यावर भलतंच काही करू शकते. मी विचारलं, “मग हा खोटं बोलतो म्हणायचं?” ते म्हणाले, “नाही, लोकांना सोपं जावं म्हणून थोडक्यात सांगतो.” मला आमच्याकडचे अर्धे साक्षीदार आठवले.

पडताळणीचा अहवाल मी स्वतः लिहिला, ‘आक्षेपार्ह काही नाही’ असा, आणि स्वतःच्या हाताने टपालात टाकला. लिहिताना मला फार बरं वाटलं, हे सांगायला संकोच कसला.

तिचा बाप फडावरून एस.टी.ने तसाच धावत आला होता. अंगावरच्या शर्टाला उसाच्या पाल्याची बारीक कूस लागलेली.

“साहेब, पोरीचं नाव कुटं न्हाई ना आता?”

“आहे. साक्षीदार म्हणून आहे.”

तो घाबरला. “कोरटात जावं लागंल? आमी कदी गेलो न्हाई. ती भिईल ओ.”

मुलगीच म्हणाली, “मी जाईन, दादा.” वडिलांना ती दादा म्हणायची.

त्यानंतर मी पुष्कळ तपास केले. कुठे दारावर पाटी, कुठे गाडीवर नंबर, कुठे कागदाखाली सही. सगळीकडे नाव समोर यायचं आणि मी आधी विचारायचो, ही वस्तू ठेवलेली कशात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे. नव्या पोरांनाही तेच शिकवलं. काहींनी ऐकलं, काहींनी म्हातारा खुळा आहे म्हणून सोडून दिलं.

खटला उभा राहिला तोवर ती नोकरीत रुळली होती, रजा टाकून आली. आरोपीच्या वकिलांनी पडद्याचा फोटो तिच्यापुढे धरला.

“या चित्राखाली नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

“मग हे फोल्डर कुणाचं?”

“नाव कुणीही लिहू शकतं,” ती शांतपणे म्हणाली. “ते कुणाच्या मशीनवर होतं, तेवढं मला विचारा. ते मी पाहिलंय.”

न्यायाधीशांनी मान वर केली आणि ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. मी बाहेर आलो. व्हरांड्यात तिचा बाप भिंतीला टेकून उभा होता. आत यायचा त्याला धीर झाला नव्हता.

“काय केलं साहेब पोरीनं?”

“विचारलं त्याचं उत्तर दिलं.”

“भ्याली न्हाई?”

“न्हाई भ्याली,” मी त्याच्याच बोलीत म्हणालो.