भर उन्हातली रात्र

“काय सुंदर ऊन आहे!” क्लायंट हेलन स्क्रीनकडे बघत म्हणाली. पण ते ऊन तिथे नसायलाच हवं, अशी शंका मला नुकतीच आली होती.

मी कार्डिफमध्ये कलरिस्ट आहे. जुन्या सिनेमाची निगेटिव्ह स्कॅन होऊन येते, मी शॉटगणिक रंग आणि उजेड बसवते. हा हॉलिवूडचा जुना प्रेमपट, इटलीतल्या एका बेटावर शूट केलेला. शेवटी चौकात दोघं निरोप घेतात. निगेटिव्हमध्ये चौक उन्हाने भरलेला. मी तसाच ठेवला.

पण मोठ्या स्क्रीनवर मागच्या खिडकीतला दिवा दिसला. पेटलेला.

त्या काळी रात्रीचे सीन सर्रास दिवसा शूट करत आणि लॅबमध्ये प्रिंट काढताना गडद करत. निगेटिव्हवर दिवसच राहायचा.

हेलन चहा घ्यायला गेली तसं मी बॉसला, गॅरेथला गाठलं.

“हा सीन रात्रीचा आहे.”

“एका दिव्यावरून?”

“नायिका म्हणते ना, सगळं गाव झोपलंय.”

“इटलीत दुपारी झोपतात, मीरा. शुक्रवारी डिलिव्हरी आहे.”

“दुपारी पुण्यातही झोपतात. पण दिवा लावून नाही.”

तो हसला आणि मला एक दिवस दिला. लंडनच्या एका आर्काइव्हमध्ये तेव्हा थिएटरात चाललेली प्रिंट होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने गेले. प्रिंटचे रंग उडून ती सगळी गुलाबी झाली होती, रंगांसाठी निरुपयोगी. पण उजेडाच्या टेबलावर धरली तर आधीचे सीन फिकट, आणि चौक आला तशी फिल्म जवळजवळ काळी.

मी तिथूनच हेलनला फोन केला. “चूक माझी आहे. शेवटचा सीन पुन्हा करावा लागेल.”

ती म्हणाली, “आधी दाखव.”

गुरुवारी सीन गडद करून दाखवला. उन्हात नायक नायिकेच्या डोळ्यांतलं पाणी बघूनही निघून जायचा, दगडच वाटायचा. आता अंधारात तिचा चेहरा जेमतेम दिसत होता.

हेलन हळूच म्हणाली, “त्याला दिसलंच नव्हतं.”

डिलिव्हरी सोमवारवर गेली, हेलनच्या परवानगीने. गॅरेथने चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली: “काम सुरू करण्याआधी जुनी प्रिंट बघा.” निगेटिव्हवरून काय शूट झालं ते कळतं. लोकांनी काय पाहिलं, ते शोधायला ट्रेनचं तिकीट काढावं लागतं.