दुसऱ्याच्या देवघराचं पोस्टर

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्यांपुढं जीभ रेटत नाही.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात धारवाडला ग्राफिक डिझाइनचं शिबिर होतं. मी हुबळीहून रोज बसनं जायची. शिकवायला मिन्जू होती, कोरियन — कोरियाच्या राजधानीची, सोलची, असं ती सांगायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. हुबळीतल्या गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात कोरियन साहेब होते. त्यांच्या बायकोनं तिला आपल्याच घरी ठेवून घेतलं होतं. परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं, म्हणून कोण कौतुक!

शेवटच्या आठवड्यात अक्कानं काम दिलं — आपल्या घरातल्या एका भिंतीचं पोस्टर. भिंत जशी आहे तशी.

आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आई रोज तिच्यापुढं मेणबत्ती लावते. पण माझं आडनाव 'कर'नं संपणारं, बोलणं शुद्ध — शिबिरातल्या मराठी मुली ब्राह्मण, त्यांनी मला परस्पर आपल्यातलं धरलं होतं. जेवताना 'आपल्यात असं, त्यांच्यात तसं' चालायचं आणि मी मान हलवायची. मग तसबीर कशी काढणार? मी शाळेतल्या एका ब्राह्मण मैत्रिणीच्या घरचं देवघर काढलं. समई, पितळी घंटा, सोवळं वाळत घातलेली काठी — सगळं. झक्क काढलं, हेही सांगते. त्याचीच जास्त लाज वाटते.

अक्का ते बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी सोलची नाही गं. माझा जन्म चीनमधला, तिथल्या कोरियन वस्तीतला. सोलमध्ये माझे उच्चार ऐकले की लोक मला चिनी म्हणायचे. म्हणून इथं सगळ्यांना सोल सांगितलं. पण तू आपलं घर उघडं केलंस, मग मी कशाला लपवू?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही का? तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी म्हटलं काय — "हो अक्का, दाखवा की."

समारोपाला तिनं आपलं पोस्टर दाखवलं. चीनमधल्या घराची भिंत, वर आजोबांचा फोटो, खाली गावाचं नाव. साहेबांच्या बायकोनं ते वाचलं, कोरियनमध्ये काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं, पर्स उचलली आणि चालती झाली. अक्का हसरं तोंड करून तशीच उभी. मी तिच्यापासून चार पावलांवर — माझ्या पोस्टरशेजारी. मला फक्त तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं होतं. तेवढंही झालं नाही माझ्याच्यानं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या घरून सामान घेऊन सुभाष रोडवरच्या एका लॉजवर गेली. मी भेटायला गेले — सांगायचं ठरवून गेले होते, खरंच. ती म्हणाली, "तुझं पोस्टर मला देशील? ते बघितलं की धीर येतो."

मी दिलं. तिनं सही मागितली. मी माझं पूर्ण नाव घालून, आडनावासकट, सही केली.