निनांगचा हात

इलोइलो शहरातली नर्स परदेशी जायची ती लुदिविनाच्या एजन्सीतूनच. बाप्तिस्म्याला जिला कडेवर घेतलं, त्या जोनालिनलाही तिनेच आखातात धाडलं. धर्ममाता म्हणून जोनालिन तिला निनांग म्हणायची.

विमानतळावर एजन्सीच्या माणसाने दुसराच करार पुढे केला, तेव्हा पोरीने फोन केला होता.

“निनांग, यात नर्स नाही, घरकाम लिहिलंय!”

“सही कर गं मुकाट्याने. तिथे गेल्यावर बघू. आता मागे फिरलीस तर माझं नाक कापलं जाईल.”

कुठलं काय बघतेय! पुढे लुदिविनाने तिचा फोन उचलणंच सोडलं.

आज, परत आलेल्या जोनालिनने करार बदलल्याबद्दल एजन्सीविरुद्ध केलेल्या तक्रारीची सुनावणी होती. लुदिविना एजन्सीच्या बाजूला बसली होती.

“सही करायला तुला कुणी सांगितलं?” सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी जोनालिनला विचारलं.

निनांगला चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, हे इथल्या पोरींच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं.

“कुणी नाही. मी माझ्या मर्जीने केली.”

एजन्सीचा वकील गालातल्या गालात हसला. मर्जीने म्हटल्यावर तक्रारीत उरलं काय? लुदिविनाला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. तिने उघडलं नाही.

बाहेर जोनालिन तिच्यापुढे वाकली. फिनाइलने सोललेल्या बोटांनी तिने निनांगचा हात धरला आणि रीतीप्रमाणे कपाळाला लावला.

“तुमचं नाव येऊ दिलं नाही हं,” ती हळूच म्हणाली.

यावर ‘देव तुझं भलं करो’ म्हणायचं असतं. लुदिविनाला ते म्हणवेना, आणि हातही सोडवून घेता येईना.