ठोसा कधी शिकवणार?

मेहकरच्या व्हिडिओ हॉलमध्ये लहानपणी पाहिलेला एक चिनी मारामारीचा सिनेमा मी अजूनही मोबाइलवर पाहतो. त्यातली मारामारी कोणालाही आवडेल. मला आवडतो तो मधला भाग. गुरू चेल्याला ठोसा शिकवतच नाही, वर्षभर नुसत्या पाण्याच्या बादल्या डोंगरावर वाहायला लावतो. पण आमच्या घरात हे कोणाला सांगून उपयोग?

"बाबा, हे काऊन पाहता? फाइट लावा ना," मुलगा म्हणतो आणि बोटानं सिनेमा पुढे ढकलतो.

परवाच्या रविवारी माझं डोकंच फिरलं. दोघा मायलेकांना समोर बसवलं आणि मोबाइल स्वतःच्या हातात धरला. चेल्यानं बादल्या उचलल्या, तेवढ्यात नळ आला. आठ दिवसांनी आलेला नळ! बायको ताडकन उठली.

"अवं, पाच मिनिटं बस ना! खरी साधना तर आता हाय!" मी ओरडलो.

ती गच्चीवरचा ड्रम भरायला दोन बादल्या घेऊन जिना चढली, उतरली, पुन्हा चढली. पाचव्या खेपेला धापा टाकत माझ्यासमोर थांबली.

"पंधरा वर्षं झाले, मी पाणी वाहून राह्यली," ती म्हणाली. "आता मारू का ठोसा?"