चौथ्या मजल्यावरची नागअळी

कळमेश्वरकडची संत्र्याची बाग विकून पोराने शहराला लागून बेस्यात चौथ्या मजल्यावर घर घेतलं. बागेतलं एकच कलम मी सोबत आणलं आणि कुंडीत लावलं. गेल्या दिवाळीत मी जिन्यात पडलो. तेव्हापासून पोरगा आणि सून कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतात. दिवसभर मी, बाल्कनीची जाळी आणि ते झाड.

सुनेची अट होती, "बाबा, त्याच्यावर किडा दिसला का कुंडी खाली नेऊन ठेवीन. माझी तुळस खराब होईन." संत्र्यावरची नागअळी तुळशीला शिवत नाही, पण ऐकतं कोण. आणि खाली गेलेलं झाड मला कोण दाखवणार?

"एवढ्या उंच नागअळी येत नाही वं," मी म्हणालो. "सारी जिंदगी बाग केली मी. मले शिकवून राहिली?"

पौषात मी कुंडीचं पाणी तोडलं. बागेला आम्ही असाच ताण देतो. पानं मलूल होईस्तोवर झाड तहानलेलं ठेवायचं, मग भरपूर पाणी द्यायचं, की फुलं येतात.

"काहून मारून राहिले त्याले? पाणी द्या ना," सून म्हणाली. मी ऐकलं नाही. माघात पाणी सोडलं. फूल एकही नाही, कोवळ्या पोपटी पानांची नवती तेवढी फुटली. बादलीभर मातीत वावराचा कायदा चालत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. नागअळीला तर कोवळं पानच लागतं.

थोड्याच दिवसांत एका पानावर चांदीची वेडीवाकडी रेघ उमटली. ही नागअळीच. हिचं पाखरू तांदळाच्या कणीएवढं. ते पानावर अंडं घालतं. अळी निघते ती थेट सालीखाली शिरते, आतला गर खात सरकते, मागे त्या चांदीच्या वाटेत विष्ठेची काळी बारीक रेघ सोडते. शेवटी पानाची कड मुडपून आत पडून राहते आणि पाखरू होऊन उडते. संत्रं, लिंबू असेल तिथे ती पोचतेच. समोरच्या गच्चीवर लिंबाची कुंडी आहे, हे मला तेव्हा दिसलं.

पाठीवर पंप बांधून मी हिच्यावर औषध मारलं ते आयुष्यभर, पण एकीचा प्रवास कधी पाहिला नव्हता. आता दुसरं काम तरी काय होतं? रोज ती जिथवर पोचली तिथे मी पेनाने ठिपका द्यायचो. तिलाही त्या पानाबाहेर जाता येत नव्हतं. संध्याकाळी सून यायच्या आधी कुंडी फिरवून ती बाजू जाळीकडे करायचो.

रविवारी तुळशीला पाणी घालताना सुनेने पान उलटलं.

"बाबा, हे ठिपके कोणी मारले?"

तिची नजर माझ्या खिशातल्या पेनावर गेली.

"किडा दिसला तं सांगाचं सोडून तुम्ही चित्रं काढून राहिले?" ती हसली आणि तिने कुंडीला हात घातला.

"थांब वं. चूक माझी हाय. तू म्हणे तेव्हाच पाणी द्याले पाहिजे होतं."

या घरात असं मी पहिल्यांदाच बोललो. मग नखाने सगळी नवती खुडली, ठिपक्यांचं पानसुद्धा, आणि पिशवीत घालून गाठ मारली. झाडाला चार जुनी पानं उरली. सुनेने कुंडी जागेवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी निघताना ती तांब्या घेऊन आली.

"किती टाकू?"

"तुले समजते तितकं टाक."

तिने पाणी घातलं, चप्पल घातली. बाहेरून कुलूप लागलं.